मंद जठर, स्वतंत्र दुखणं

जेवल्यावर तासा-दोन तासांनी बेंबीच्या वर दुखायला लागतं. पोट गच्च होतं, दोन घासांत पुरे वाटतं, मळमळतं, कधी सकाळी खाल्लेलं संध्याकाळी तसंच्या तसं उलटून पडतं. महिनोन्‌महिने असं चालू राहिलं, दुर्बिणीच्या तपासणीत व्रण किंवा वाट अडवणारी गाठ सापडली नाही आणि तरीही जठरातलं अन्न आतड्यात उतरायला वाजवीपेक्षा जास्त वेळ लागतो असं मोजमापात दिसलं, तर त्या विकाराला गॅस्ट्रोपॅरेसिस म्हणतात. जुन्या मधुमेहात तो होतो हे बऱ्याच काळापासून माहीत आहे. मधुमेही रुग्णांतल्या या अवस्थेला १९५८ साली पॉल कॅसेंडर यांनी नाव दिलं. अल्सरसाठी पूर्वी ज्या शस्त्रक्रियांत जठराकडे जाणारी व्हेगस नस कापली जाई, त्यांच्यानंतरही तो होतो. काहींना विषाणूच्या आजारानंतर सुरू होतो आणि बऱ्याच रुग्णांत कारण सापडतच नाही. जठर मंद आहे म्हटल्यावर डॉक्टर आणि रुग्ण दोघांचंही लक्ष त्या मंदीकडे लागतं. दुखणं हा मंदीचा परिणाम, जठर हललं की तेही जाईल, असं धरून चाललं जातं. गेल्या पंधरा-वीस वर्षांतला पुरावा या समजुतीच्या बाजूने उभा राहत नाही. मंद जठर असलेल्या माणसाचं दुखणं हा बराचसा स्वतंत्र प्रश्न आहे. तो स्वतंत्रपणे विचारला, तपासला आणि हाताळला नाही, तर उपचार फसतात आणि कित्येकदा तेच दुखण्यात भर घालतात.

पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांच्या बाजूने पाहिलं की या प्रश्नाला धार येते. जठर किती वेळात रिकामं होतं हे मोजणारा गॅमा कॅमेरा ग्रामीण रुग्णालयात नसतो. त्यासाठी पुणं गाठावं लागतं. मंचर पुण्यापासून साठेक किलोमीटर, जुन्नर नव्वदच्या आसपास. नारायणगाव-मंचरच्या बागायती पट्ट्यातल्या माणसाला महामार्ग जवळ आहे. पश्चिमेच्या डोंगरातल्या आहुप्याच्या किंवा इंगळूनच्या माणसाला आधी घोडेगाव किंवा जुन्नर गाठायचं, मग पुढची गाडी. मोजणीशिवाय उपचार नाहीत असं ठरवलं, तर या लोकांसाठी उपचार सुरूच होत नाहीत. मोजणी न करता जठर हलवणारी गोळी देत राहायची ठरवली, तर वर्षानुवर्षं गोळी चालू आणि दुखणंही चालू, अशी गत होते. दुखण्याला दुखणं म्हणून हाताळायचं ठरवलं, तर मात्र बरंचसं काम मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात, घोडेगाव, नारायणगाव, जुन्नरच्या ग्रामीण रुग्णालयांत आणि त्याखालच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांतच होऊ शकतं. हे म्हणणं सोयीचं आहे म्हणून मांडलेलं नाही. पुरावा त्याच दिशेने जातो.

आधी दुखणं किती असतं ते पाहू. फिलाडेल्फियाच्या टेम्पल विद्यापीठातल्या डॉक्टरांनी २०१० साली ६८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दहातल्या नऊ जणांना पोटदुखी होती. सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांचं दुखणं खाण्याने उठत होतं, जवळपास तितक्याच जणांना ते रात्रीही होत होतं आणि दोन तृतीयांश लोकांची झोप त्यापायी मोडत होती. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या पाठबळावर चालणाऱ्या संशोधक गटाने २०१३ मध्ये मोठ्या रुग्णसंख्येवर हेच तपासलं. दोन तृतीयांश रुग्णांना मध्यम ते तीव्र दुखणं होतं आणि पाचातल्या एकाची ती मुख्य तक्रार होती. दुखण्याची तीव्रता आणि जठर रिकामं होण्याचा वेग यांचा मेळ मात्र त्या अभ्यासात लागला नाही. जठर फार मंद असलेल्याला कमी दुखत होतं आणि थोडंसं मंद असलेला तळमळत होता, असं दोन्हीकडे दिसलं. त्यातच या विकाराच्या औषधचाचण्यांत वर्षानुवर्षं वापरली गेलेली प्रमुख प्रश्नावली नऊ प्रश्नांची आहे. मळमळ, उलटी, पोट भरल्यासारखं वाटणं, फुगणं, सगळं तीत आहे. दुखण्यावर एकही प्रश्न नाही. दहातले नऊ रुग्ण ज्याची तक्रार करतात, ते गुणपत्रिकेत नसेल तर कोणतं औषध त्यावर चाललं हे कळणार कसं? या क्षेत्रातल्या बऱ्याचशा संभ्रमाचं मूळ इथे आहे.

यावर आक्षेप आहे आणि तो वजनदार आहे. अन्न पडून राहतं, जठर ताणलं जातं, ताणलं की दुखतं. हे शरीररचनेला धरून आहे, मग मंदी आणि दुखणं वेगळं कसं करता? जठर हलवणाऱ्या औषधांच्या चाचण्या एकत्र करून २०१३ साली झालेल्या विश्लेषणात, जठर किती वेगाने रिकामं व्हायला लागलं आणि रुग्णाला किती बरं वाटलं, यांत संबंध आढळला नव्हता. पण २०१९ मध्ये दुसऱ्या गटाने फक्त नीट, पुरेसा वेळ मोजणी केलेले अभ्यास निवडले, तेव्हा मंदी आणि तक्रारी यांच्यात नातं दिसलं, आणि त्या तक्रारींत पोटदुखीही होती. हे मान्य करायला हवं. मात्र नातं असणं म्हणजे एकच कारण असणं नव्हे; त्या विश्लेषणातही दुखण्याचा धागा उलटी किंवा लवकर पोट भरण्याच्या धाग्यापेक्षा कमकुवतच होता. त्यानंतर २०२१ साली पंकज पसरिचा आणि सहकाऱ्यांनी मंद जठराच्या रुग्णांसोबत, त्याच तक्रारी असूनही जठर वेळेत रिकामं होणाऱ्या रुग्णांचाही ४८ आठवडे माग ठेवला. पुन्हा मोजणी केली तेव्हा मंद म्हणून नोंदलेल्यांपैकी सुमारे ४२ टक्के लोकांचं जठर नेहमीच्या वेगाने रिकामं होत होतं, आणि नेहमीच्या वेगाच्या गटातले सुमारे ३७ टक्के आता मंद निघाले. तक्रारी मात्र त्या प्रमाणात बदलल्या नव्हत्या. वर्षभरात ज्याचा निकाल असा उलटतो, त्या एका मोजणीवर दुखण्याचा सगळा उपचार टांगणं बरोबर नाही.

मग दुखणं येतं कुठून? एका जागेहून येत नाही, हीच अडचण आहे. जठराच्या वरच्या भागाने जेवताना सैल व्हायचं असतं. तो सैल झाला नाही तर थोड्या अन्नानेही दाब वाढतो. जठर आणि आतड्यामधलं दार आवळून राहिलं तर कळ येते. जठराच्या भिंतीत लय सांभाळणाऱ्या पेशी असतात. त्या घटल्या की हालचाल बिघडते, आणि मधुमेहाने नसा दुखावल्या असतील तर साधा ताणही वेदना म्हणून वर जातो. महिनोन्‌महिने वेदना पोचत राहिली की मेंदू आणि मणक्यातल्या वाटाही जाग्या राहतात, आणि मग हलक्या जेवणानेही दुखतं. त्यात बद्धकोष्ठ असेल तर खालचा भरलेला कोठा वरचं पोट आणखी अडवतो. आणि काही रुग्णांत दुखणं पोटाच्या आतलं नसतंच, पोटाच्या भिंतीतलं असतं. या प्रत्येकाचा इलाज निराळा आहे. जठर हलवणारी गोळी यांतल्या एखाद-दुसऱ्यावरच काम करू शकते.

भिंतीतलं दुखणं ओळखायला यंत्र लागत नाही. अमेरिकन शल्यविशारद जॉन कार्नेट यांनी १९२६ साली सांगितलेली तपासणी आजही तशीच करतात. रुग्णाला उताणं झोपवायचं. सगळ्यात जास्त कुठे दुखतं ते त्यालाच एका बोटाने दाखवायला सांगायचं. त्या जागी डॉक्टरने बोट टेकवून ठेवायचं आणि रुग्णाला हातांचा आधार न घेता डोकं आणि खांदे उचलायला सांगायचं. पोटाचे स्नायू ताठ होतात आणि आतले अवयव त्यांच्याआड जातात. दुखणं आतलं असेल तर ते कमी होतं. तितकंच राहिलं किंवा वाढलं तर भिंतीतली एखादी नस अडकली असण्याचा संशय घट्ट होतो. त्या जागी लिग्नोकेनसारखं बधिर करणारं औषध टोचलं आणि दुखणं उतरलं, तर निदान आणि उपचार एकदमच होतात. वर्षानुवर्षं ओझी उचललेल्या, पोटावर शस्त्रक्रियेचा जुना व्रण असलेल्या माणसाची ही तपासणी दोन मिनिटांत होते. ती न केल्यामुळे भिंतीतलं दुखणं गॅस म्हणून, पित्त म्हणून, शेवटी पित्ताशयातल्या खड्यांचं म्हणून हाताळलं जातं. सोनोग्राफीत खडा दिसला म्हणून पित्ताशय काढलं आणि दुखणं तिथेच राहिलं, हा अनुभव मंद जठराच्या रुग्णांत सगळ्या जगात नोंदलेला आहे.

औषधांचा विचार करताना सुरुवात काढून टाकण्यापासून व्हायला हवी. आपल्याकडे पोटदुखीसाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या गोळीच्या पट्टीवर बारीक अक्षरांत बहुतेक वेळा दोन नावं असतात: डायसायक्लोमिन आणि मेफेनॅमिक अॅसिड. पहिलं औषध आतड्याचा पिळवटा सैल करतं, आणि तसं करताना जठराची हालचालही मंदावतं. दुसरं दाह कमी करणारं आहे. रिकाम्या किंवा मंद जठराच्या आतल्या अस्तराला ते बोचतं आणि व्रणाचा धोका वाढवतं. मासिक पाळीच्या किंवा जुलाबाच्या कळांना एखाद-दोन दिवस ही गोळी चालते. ज्याचं जठर आधीच मंद आहे त्याला ती महिनाभर चालू ठेवणं म्हणजे ज्या घरात पाणी तुंबलंय तिथलीच मोरी बंद करणं. हायोसिनची सुई, डायक्लोफेनॅकची सुई यांचंही थोड्याफार फरकाने तेच. शिवाय सुईने तात्पुरतं बरं वाटतं, म्हणून रुग्ण पुन्हा तीच मागतो, आणि मूळ दुखणं कधी कागदावर येतच नाही.

याच्या दुसऱ्या टोकाला गॅसची गोळी आहे: आम्ल कमी करणारं पँटोप्राझोल किंवा रॅबेप्राझोल आणि सोबत डोम्पेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड. यांतलं दुसरं औषध जठर हलवणारं. मळमळ-उलटी जोरात असेल तर त्याचा उपयोग होतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ते कायमचं औषध नाही. युरोपच्या औषध नियामकाने २०१४ साली हृदयाच्या लयीवरच्या परिणामामुळे डोम्पेरिडोन कमी मात्रेत आणि थोडे दिवसच वापरावं असं बजावलं. याच कामाच्या मेटोक्लोप्रामाइडवर अमेरिकेच्या नियामकाने २००९ मध्ये कडक इशारा छापायला लावला: बारा आठवड्यांपलीकडे देऊ नका, कारण चेहऱ्याच्या आणि जिभेच्या अनैच्छिक हालचाली कायमच्या जडू शकतात. लेव्होसल्पिराइडने हातापायांना कंप आणि ताठरपणा येऊ शकतो. वयस्क माणसात तो पार्किन्सन समजला गेला तर एका गोळीचा त्रास झाकायला दुसरी सुरू होते. सिसाप्राइड तर हृदयावरच्या परिणामामुळे भारतात २०११ साली बंदच झालं. दुखणं ही मुख्य तक्रार असलेल्या रुग्णाला या औषधांतून फारसं मिळत नाही, धोका मात्र पुरेपूर वाट्याला येतो. चिठ्ठीवर गोळी कधी थांबवायची ती तारीख लिहिणं, एवढी शिस्तही पुष्कळ नुकसान टाळेल.

सगळ्यात कडक भूमिका घ्यावी लागते ती अफूवर्गीय वेदनाशामकांबाबत. अमेरिकेतल्या संशोधक गटाच्या रुग्णांत पाचातले दोन अशी औषधं घेत होते, आणि तेच जास्त दुखण्याचे, जास्त मंद जठराचे, पुन्हा पुन्हा रुग्णालयात येणारे निघाले. ही औषधं जठर आणि आतडं दोन्ही मंदावतात आणि काही रुग्णांत दीर्घ वापराने दुखण्याची जाणीवच वाढवतात. आपल्याकडे ही समस्या ट्रामाडोलच्या रूपाने येते. भारताने २०१८ साली ट्रामाडोल अंमली पदार्थांच्या कायद्याखाली आणलं, तरी कंबरदुखी-सांधेदुखीसाठी ते लिहिलं जातंच. ‘दुखणाऱ्याला वेदनाशामक नाकारायचं, ही कसली दया?’ असा प्रश्न कुणी विचारेल. कर्करोगाच्या वेदनेत अफूवर्गीय औषध नाकारणं क्रूरपणाच आहे. पण मंद जठरात ते दिलं की दुखणं काही आठवड्यांनी जास्त घट्ट होऊन परत येतं. दया दाखवायची तर ती टिकणारी हवी.

मधुमेही रुग्णात औषधांइतकंच लक्ष साखरेकडे हवं. रक्तातली साखर खूप चढलेली असते तेव्हा निरोगी माणसाचं जठरही मंदावतं, हे प्रयोगांनी सिद्ध झालेलं आहे. मेटफॉर्मिनने स्वतःच मळमळ, पोटात कालवाकालव आणि दुखणं होऊ शकतं. मात्रा कमी करून किंवा हळूहळू सुटणारी गोळी देऊन काहींचं अर्धं दुखणं जातं. वजन आणि साखर उतरवणारी सेमाग्लुटाइड, लिराग्लुटाइड ही नवी औषधं जठर मंद करूनच अंशतः काम करतात. पोट दुखणाऱ्याला ती चालू आहेत का, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. इन्सुलिन घेणाऱ्याचं अन्न जठरात अडकलं आणि औषध मात्र वेळेवर लागू झालं, तर जेवूनही साखर घसरते. वेळा बदलून हे टाळता येतं. मधुमेही माणसाला अचानक जोराची पोटदुखी, उलट्या आणि धाप लागली तर ते मंद जठराचं दुखणं समजू नये. कीटोअॅसिडोसिस असू शकतो, हृदयविकाराचा झटकाही वरच्या पोटात दुखून येतो. तेव्हा तडक रुग्णालय.

आहाराबद्दल या भागात सांगण्यासारखं बरंच आहे, पण त्याची मर्यादाही सांगायला हवी. जठराला चरबी आणि चिवट तंतू यांचं काम जड जातं; पातळ, मऊ, बारीक अन्न लवकर उतरतं. मासवडी ही जुन्नर-आंबेगावची शान. पण बेसनाच्या पारीत तीळ, खोबरं, शेंगदाण्याचं सारण आणि वर तेलाची तर्री असलेला रस्सा, म्हणजे मंद जठरासाठी सगळ्यात अवघड ताट. उपवासाची शेंगदाण्याची कूट घातलेली साबुदाण्याची खिचडीही त्याच जातीची. उलट आदिवासी पट्ट्यातली तांदळाची पेज, नाचणीची आंबील, मऊ भात, मुगाच्या डाळीचं पातळ वरण, ताक, शिजवून घोटलेला दुधी, वरणात कुस्करलेली भाकरी हे या आजारासाठी आयतंच चांगलं अन्न आहे. दिवसातून दोनदा ताट भरून जेवण्यापेक्षा पाच-सहा वेळा वाटीभर खावं, आणि रानातून उशिरा येऊन जेवून लगेच आडवं होऊ नये. घरात सगळ्यांच्या शेवटी जेवून लगेच अंथरुणाला पाठ टेकवणाऱ्या बाईला हे सांगायचं तर ते घरालाही सांगावं लागतं. आता मर्यादा. स्वीडनमध्ये ५६ मधुमेही रुग्णांवर वीस आठवडे बारीक केलेल्या अन्नाचा प्रयोग झाला, निष्कर्ष २०१४ साली आले. मळमळ, उलटी, भरल्यासारखं वाटणं, फुगणं, सगळं कमी झालं; पोटदुखी मात्र झाली नाही. म्हणून पथ्य पाळायचंच, पण पथ्य पाळूनही दुखतंय म्हणणाऱ्याला ‘तू काहीतरी खाल्लंस’ असा दोष द्यायचा नाही.

इथून पुढे उरतात ती वेदनेच्या नसांवर काम करणारी औषधं, आणि इथे तज्ज्ञांतच एकमत नाही. नॉरट्रिप्टिलिनची चाचणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. कारण न सापडलेल्या मंद जठराच्या १३० रुग्णांत पंधरा आठवड्यांनी औषधाने २३ टक्क्यांना आणि नुसत्या साखरेच्या गोळीने २१ टक्क्यांना ठरवलेला फायदा झाला. म्हणजे फरक नाही. या चाचणीचा मुख्य निकष तीच नऊ प्रश्नांची, दुखणं वगळलेली प्रश्नावली होती. वर ठरवलेला फायदा म्हणजे सगळ्या तक्रारी निम्म्याने उतरणं. दुसरीकडे २०१५ साली अपचनाच्या रुग्णांवर अमिट्रिप्टिलिनची चाचणी झाली. तीत दुखणं प्रमुख असलेल्यांना फायदा झाला, पण जठर मंद असलेल्यांना झाला नाही. निरोगी माणसांत जास्त मात्रेत अमिट्रिप्टिलिन जठर थोडं मंदावतं, हेही दिसलेलं आहे. अमेरिकन पोटविकार तज्ज्ञांच्या एका संघटनेने २०२२ साली मंद जठरासाठी ही औषधं वापरू नयेत असं सुचवलं. त्याच वर्षी दुसऱ्या संघटनेने, हट्टी आजारात मुख्य तक्रार कोणती ते आधी ठरवा आणि दुखणं असेल तर ही औषधं विचारात घ्या, असा सल्ला दिला. माझ्या मते दोन्ही वाक्यं एकत्र वाचता येतात. जठर हलवण्यासाठी ही औषधं निरुपयोगी आहेत; उलटी जोरात असेल तर देऊच नयेत. पण दुखणं पुढे आणि उलटी मागे असेल, दुखण्याने झोप मोडत असेल, तर रात्री दहा मिलिग्रॅमसारख्या अगदी कमी मात्रेत, सहा-आठ आठवड्यांची मुदत घालून, उपयोग झाला नाही तर थांबवायचं ठरवून, डॉक्टरच्या देखरेखीखाली प्रयत्न करणं योग्य आहे. हृदयाचा आजार किंवा काचबिंदू असेल, लघवी अडत असेल, तर हा मार्ग नाही. अमिट्रिप्टिलिन राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे आणि स्वस्त आहे. अडतं ते वेगळीकडे. ‘ही तर डोक्याची गोळी’ असं मेडिकलवाल्याने म्हटलं, की रुग्ण ती टाकून देतो आणि घरात त्याच्या मनावर शंका घेतली जाते. पोटातल्या नसांवर तेच औषध कमी मात्रेत काम करतं, हे आधीच, नातेवाइकांसमोर, सांगून द्यावं. शेक, पोटाने श्वास घेण्याचा सराव, झोपेची वेळ बांधणं आणि उपलब्ध असेल तिथे समुपदेशन यांचीही जागा इथेच आहे. वेदना खरी आहे आणि तिची वाट मेंदूतून जाते, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

या भागात आणखी एक उत्तर पिढ्यान्‌पिढ्या आहे: हिरडा. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम डोंगरात महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबं पावसाळ्याआधी बाळहिरडा वेचतात; रोख पैसा देणारं ते त्यांचं महत्त्वाचं वनोपज आहे, आणि पोटासाठी घरगुती औषधही. कोठा साफ होण्यासाठी हिरड्याचा उपयोग होतो, आणि बद्धकोष्ठाने वाढलेलं वरच्या पोटाचं दुखणं कोठा साफ झाल्यावर हलकं होऊ शकतं, एवढं मानायला हरकत नाही. पण ताकद वाढवत नेऊन रोजचा जुलाब घेणं मधुमेही आणि अशक्त माणसाला धोक्याचं आहे, आणि हिरड्याने बरं वाटत नाही म्हणून धोक्याची लक्षणं अंगावर काढणं त्याहून धोक्याचं.

ही लक्षणं तालुक्यातल्या प्रत्येक डॉक्टरच्या आणि आशाताईच्या ओठांवर हवीत: वजन उतरणं, रक्ताची किंवा काळी शौच, रक्ताची उलटी, गिळायला त्रास, कावीळ, पोटात हाताला लागणारी गाठ, रक्त कमी होणं, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेलं दुखणं, आदल्या दिवशीचं अन्न उलटीत पडणं. मंद जठराचा विचार करायच्या आधी जठराचा व्रण, हेलिकोबॅक्टर पायलोरी, स्वादुपिंडाचा दाह, आणि आपल्याकडे हमखास आतड्याचा क्षयरोग व जठराच्या तोंडाचा अडथळा वगळावा लागतो. ‘तालुक्यातच उपचार करा म्हणता, मग कर्करोग निसटला तर?’ या आक्षेपाला उत्तर याच यादीत आहे: यांतलं एकही लक्षण असेल तर त्याच आठवड्यात दुर्बिणीची तपासणी. यांतलं काहीच नसेल तेव्हा मात्र पुण्याला पाठवण्याआधी घर आवरणं जास्त उपयोगाचं.

कारण जठराची मोजणी चांगली व्हायची असेल तर तयारी इथेच करावी लागते. या तपासणीत किरणोत्सारी खूण मिसळलेलं ठरलेलं जेवण देतात आणि चार तास ठरावीक अंतराने चित्रं घेतात. चार तासांनंतरही दहा टक्क्यांहून जास्त अन्न जठरात राहिलं तर जठर मंद म्हणतात. मूळ पद्धतीत अंड्याच्या पांढऱ्या भागाचं सँडविच असतं; भारतात इडलीसारख्या शाकाहारी जेवणावरही ही तपासणी बसवलेली आहे. जठरावर परिणाम करणारी औषधं दोन-तीन दिवस आधी बंद हवीत आणि त्या सकाळी साखर २७५ च्या खाली हवी. डायसायक्लोमिन पोटात असताना किंवा साखर साडेतीनशे असताना मोजणी केली, तर रुग्णाचा दिवसाचा रोज बुडतो, खर्च होतो आणि हाती चुकीचं उत्तर येतं. दोन तासांतच गुंडाळलेली तपासणीही भरवशाची नाही. गोळ्या आवरून, साखर बसवून, कार्नेटची तपासणी करून, कोठा साफ करून, पथ्य सांभाळूनही उलट्या आणि वजन घटणं चालूच असेल, तेव्हा पुण्याची फेरी सार्थकी लागते. पुढच्या शस्त्रक्रियांबाबतही दुखण्याचा प्रश्न वेगळा ठेवावा लागतो. जठराला विजेचे सूक्ष्म झटके देणाऱ्या यंत्राने फ्रान्समधल्या २०२० च्या चाचणीत उलट्या कमी झाल्या, पण जठराचा वेग वाढला नाही. जठराच्या खालच्या दाराचा स्नायू दुर्बिणीतून कापण्याच्या पद्धतीला २०२२ साली खोट्या प्रक्रियेशी तुलना करून चांगला निकाल मिळाला, मात्र तोही प्रामुख्याने त्याच दुखणं न विचारणाऱ्या प्रश्नावलीवर. दुखण्यासाठीच म्हणून कुणाला या वाटेने नेणं सध्या तरी समर्थनीय नाही.

शेवटचा आक्षेप व्यवस्थेचा आहे: प्राथमिक केंद्रावर आधीच गर्दी, तिथे एवढं विचारायला वेळ कुणाला? अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या एका परगण्यात निदान झालेल्या मंद जठराच्या स्त्रिया लाखात अडतीसच्या आसपास आणि पुरुष दहाच्या आसपास आढळले होते. एवढ्या दुर्मीळ आजारासाठी खटाटोप का, असंही कुणी म्हणेल. पण तशाच तक्रारी असलेलं अपचन जगभरच्या २०२१ च्या पाहणीत शेकडा पाच ते सात प्रौढांत होतं, आणि या दोहोंमधली सीमा किती झिरपती आहे हे वर आलंच आहे. म्हणजे हे प्रश्न विचारण्याचा फायदा मूठभरांपुरता राहत नाही. तिशीपुढच्या प्रत्येकाचा मधुमेह-रक्तदाबाचा तक्ता आशाताई भरतातच. मधुमेह सापडलेल्यांना तीन प्रश्न जास्त विचारता येतील: दोन घासांत पोट भरतं का, दुखण्याने रात्री जाग येते का, पोटासाठी कोणती गोळी किती दिवस चालू आहे. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर रुग्णाच्या पिशवीतल्या पट्ट्यांत असतं. इ-संजीवनीवरून तज्ज्ञाचा सल्ला घेता येतो. तो ‘पोटदुखी’ एवढ्या एका शब्दावर मागण्याऐवजी या उत्तरांसह मागितला तर उपयोगी पडेल. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचा भर दाखल होऊन केलेल्या उपचारांवर आहे. त्यामुळे शस्त्रक्रियेला आधार मिळतो आणि महिना-दोन महिने चालणाऱ्या स्वस्त गोळीचा, पाठपुराव्याचा भार रुग्णावर राहतो. हे उलटं गणित बदलायला हवं.

सगळा पुरावा एकत्र ठेवला तर क्रम स्पष्ट होतो. मंद जठराच्या रुग्णाला दुखणं किती, कुठे, कधी, हे मळमळीपासून वेगळं विचारावं आणि वेगळं नोंदवावं. धोक्याची लक्षणं असतील तर लगेच पुढे पाठवावं. नसतील तर जठर मंदावणाऱ्या आणि अस्तर बोचणाऱ्या गोळ्या आधी काढाव्यात, अफूवर्गीय औषध सुरूच करू नये, साखर आणि कोठा सांभाळावा, पोटाची भिंत बोटाने तपासावी, पथ्य मळमळीसाठी सांगावं, आणि दुखणं उरलंच तर नसांवरचं औषध मुदत घालून द्यावं. यांतली एकही पायरी गॅमा कॅमेऱ्यावर अवलंबून नाही. मंचर, घोडेगाव, नारायणगाव आणि जुन्नरच्या रुग्णालयांत हा क्रम एका पानावर लिहून ओपीडीच्या टेबलावर ठेवला आणि चिठ्ठीवर दुखण्यासाठी वेगळी ओळ राखली, तर या दोन तालुक्यांतल्या पुष्कळ माणसांची वर्षानुवर्षांची गॅसची गोळी थांबेल, आणि ज्याला खरोखर पुण्याला जायला हवं तो योग्य वेळी, योग्य तयारीने पोचेल.